नऊ नंबरची खिडकी

"बसलीस खुर्चीत, तर काय झिजणार आहे तुझं?"

"माझं काही नाही झिजणार. ज्याला खरंच चालता येत नाही, तो बसेल तिथे तोंड बघत, आणि मी जाईन पुढून महाराणीसारखी."

"अगं, पंधरा मिनिटांत बाहेर सोडतात! वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दर वेळी व्हीलचेअरच सांगतात. इमिग्रेशनला त्यांची रांग वेगळी. बसल्या बसल्या पासपोर्ट दाखवायचा, की बाहेर."

"डॉक्टरीणबाई रोज सकाळी तळ्याला पाच फेऱ्या मारतात. पळत."

"मग पळणाऱ्या माणसाचे पाय दुखू नयेत?"

"अहो, उठा. तुम्ही माझ्या मोज्यांवर बसलाय."

काका उठले. मोजे उचलून त्यांनीच पिशवीत कोंबले, आणि मावशीने ते बाहेर काढून पुन्हा नीट घडी घालून ठेवले. पलंगावर एवढीशी पाठपिशवी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ही दोघं भांडत होती. मावशी त्रेसष्टची, काका सदुसष्टचे. काका जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी चालवायला शिकवली आणि त्या अर्ध्या शहराने त्यांना घाबरायला शिकवलं. अजूनही सोफ्यावर पेपर वाचताना त्यांचा पाय मधूनच जमिनीवर ब्रेक दाबतो.

मावशीचं उलटं. एकतीस वर्षं ती एका जागी बसून होती आणि निवृत्त झाल्यावर धावायला लागली.

पोस्टात खिडकी नंबर चार. पार्सल आणि रजिस्टर. समोर रांग, मधे काच, काचेला अर्धगोल भोक. त्या भोकातून आत आलेलं प्रत्येक पार्सल मावशीने तोललं, चिकटवलं, शिक्का मारला आणि मागच्या पिंजऱ्यात टाकलं. तिथे तिचा आणि त्या पार्सलचा संबंध संपला. पुढे ते कुणाच्या दारात गेलं, कुणी उघडलं, उघडून कोण हसलं, कोण रडलं, काही कळायचं नाही. "एकतीस वर्षं नाटकाचा पहिलाच अंक बघत होते मी," असं ती म्हणते. "पडदा पडायचा आणि पुढचं गिऱ्हाईक."

मग सॉर्टिंगमधल्या अण्णांची मुलगी आजारी पडली. रक्ताचा रोग. दूर कुठल्या देशात तिच्याशी जुळणारा माणूस सापडला आणि एक अनोळखी बाई हातात निळा डबा घेऊन विमानाने आली. सही घेतली, पाणीसुद्धा न पिता परत गेली. ती मुलगी आज शाळेत भूगोल शिकवते, आणि तिचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गाचाही भूगोल सुधारलाय. अण्णांनी ते सांगितलं त्याच आठवड्यात मावशी त्या डबेवाल्या संस्थेत जाऊन बसली. "मला पार्सल हातात द्या आणि दारापर्यंत जाऊ द्या," म्हणाली. त्यांनी सहा महिने शिकवलं, परीक्षा घेतली. आता ही तिची चौदावी खेप होती.

डब्यात असते एक पिशवी. देणाऱ्याच्या शरीरातून काढलेल्या, नवं रक्त तयार करणाऱ्या पेशींची. आणि ती निघण्याआधीच पलीकडच्या इस्पितळात रोग्याला औषधं देऊन त्याच्या स्वतःच्या जुन्या पेशी मारून टाकलेल्या असतात. म्हणजे इकडून डबा उचलला जातो, तेव्हा तिकडे एक माणूस आधीच रिकामा करून ठेवलेला असतो. डबा वेळेत पोचला नाही तर... मावशी हे वाक्य कधी पुरं करत नाही. काकांच्या डोक्यात मात्र ते दिवसातून दहा वेळा पुरं होतं. म्हणून व्हीलचेअर.

"मागच्या खेपेला इमिग्रेशनला सव्वा तास लागला," काका म्हणाले. "इथे माझं बीपी कुठे गेलं होतं, विचार."

"बीपी तुमचं, विचारू मी कशाला? आणि यावेळी नाही लागायचा. तिकडच्या आपोआप उघडणाऱ्या दारांसाठी नाव नोंदवलंय मी. मुलाखत दिली, बोटं दिली, चेहरा दिला. पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्यात बघायचं, दार उघडतं. माणूसच नाही मधे."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर माणूस आहे. माणसाचं मला कळतं."

हे मात्र खरं. वेगाने बाहेर पडण्याची एक विद्याच मावशीने तयार केली होती. सीट पुढची आणि कडेची, मागची कधीच नाही. सामान फक्त पाठीवर. बूट बिननाडीचे. विमान खाली यायच्या अर्धा तास आधी बाथरूमला जाऊन यायचं, कारण उतरल्यावर जो पहिल्या बाथरूममध्ये शिरतो त्याच्यापुढे तीनशे माणसं निघून जातात. फॉर्म विमानातच भरायचा, स्वतःच्या पेनाने. पासपोर्टचं कव्हर काढून टाकायचं. फोटोत चष्मा नाही म्हणून तोंडावरही चष्मा नको. जाण्याचं कारण, राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट, सगळं एका कागदावर, त्याच क्रमाने, कारण विचारणारा त्याच क्रमाने विचारतो. "त्याला पान उलटायला लागलं की तो विचार करायला लागतो," ती म्हणायची. "आणि खिडकीतला माणूस विचार करायला लागला की संपलं."

"बरं, राहिलं," काका एकदम म्हणाले. "नको तर नको खुर्ची."

चाळीस वर्षांच्या संसारात काका वाद असे कधी सोडत नाहीत. मावशीने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ती मोजे मोजत होती.

इस्पितळात नर्सबाईंनी पिशवीवरचा आकडा वाचला, मावशीने कागदावरचा वाचला. मग मावशीने पिशवीवरचा वाचला आणि नर्सबाईंनी कागदावरचा. तापमान बघितलं. डबा बंद झाला.

"उद्या संध्याकाळी साडेसहा. तिकडच्या घड्याळात," नर्सबाई म्हणाल्या. "त्यानंतर पेशी टिकतील याची खात्री नाही. आत्ताच्या हिशोबाने तुमच्या हातात नऊ तास जादा आहेत."

"नऊ तास म्हणजे खूप झाले," मावशी म्हणाली.

काकांनी विमानतळापर्यंत गाडी ताशी चाळीसने नेली. मागून लोक हॉर्न वाजवत होते. "वाजवा," काका आरशात बघून म्हणत होते, "माझ्याच हाताखाली शिकला असशील, म्हणून हॉर्न तरी नीट वाजतोय."

आणि मग ते नऊ तास गेले. पहिलं विमान धावपट्टीवर उभं राहिलं ते उभंच. काहीतरी बिघाड, माणूस येतोय, माणूस आला, भाग येतोय. मधल्या मुक्कामाचं विमान चुकलं. पुढच्यात जागा मिळाली, पण ती पाच तासांनी. डबा पूर्ण वेळ मावशीच्या दोन पायांच्या मधे. वर ठेवायचा नाही, खाली सोडायचा नाही, डोळा लागू द्यायचा नाही. ती दर अर्ध्या तासाने त्याच्यावरचा आकडा बघत होती. चार अंश. चार. चार. पाच. पुन्हा चार.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी विमान गेटला लागलं. इस्पितळ विमानतळापासून पंचावन्न मिनिटं. बाहेर संस्थेची गाडी उभी. म्हणजे पाच पस्तीसच्या आत गाडीत बसायलाच हवं.

दार उघडलं. मावशी सगळ्यात पहिली. आणि दारात एक दणकट, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ रिकामी व्हीलचेअर घेऊन उभे. हातातल्या यादीत बघून म्हणाले, "दुसरी ओळ, कडेची सीट? तुम्हीच ना? बसा, मॅडम."

"मी? मी नाही मागवली खुर्ची."

"काल रात्री फोनवरून नोंदवलीय. 'प्रवासी चालू शकत नाही, आणि हे मान्यही करणार नाही, आग्रह करावा.' असं लिहिलंय इथे."

मावशी सांगते, त्या क्षणी काका समोर असते तर तिने त्यांना खुर्चीला बांधून विमानात परत पाठवलं असतं.

"अहो, मला दोन धडधाकट पाय आहेत."

"सगळे तसंच म्हणतात. मॅडम, आत हॉल बघितलात का? आपोआपची दारं सकाळपासून बंद पडलीयत. सात-आठशे माणूस आहे. दोन तासांचा बोर्ड लावलाय. आमची रांग वेगळी आहे, बसा."

बंद! मुलाखत, बोटं, चेहरा, सगळं पाण्यात. मावशीने डब्याकडे बघितलं. चार अंश. चार त्रेचाळीस. कुठेतरी पंचावन्न मिनिटांवर एक रिकामं केलेलं माणूस पडलेलं. ती बसली. डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळला, आणि मिशीवाल्यांनी खुर्ची अशी काही पळवली की वळणावर तिचा पदर उडून तोंडावर आला. "आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती," ती म्हणते, "आणि इतका वेगही कधी मिळाला नव्हता." वाटेत तिच्याच विमानातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत, भिंतीला धरत निघाले होते. मावशीने मान दुसरीकडे वळवली.

हॉलचं दार आलं. उजवीकडे खुर्च्यांची रांग.

एकोणीस.

मावशीने दोनदा मोजल्या. एकामागे एक एकोणीस व्हीलचेअरी, आणि त्यांच्यासमोर एक खिडकी. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची युक्ती साऱ्या जगाला कळलेली दिसत होती. कित्येकांच्या पायांत पळायचे बूट होते. एक बाई आरशात बघून ओठ रंगवत होत्या. कुणाचं काय दुखतं ते आपल्याला काय माहीत, असं मावशीने स्वतःला बजावलं. पण स्वतःचं काहीच दुखत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग तिने खिडकीत बघितलं. तिथे एक तरुण अधिकारी बसला होता. तो पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवायचा, ओठ हलवत वाचायचा, मग शेजारच्या खिडकीकडे वाकून काहीतरी विचारायचा, मग पुन्हा बोट. नवाकोरा! काका असते तर म्हणाले असते, याच्या पाठीला शिकाऊची लाल 'L' पाटी लावा. एका खुर्चीला चार मिनिटं. एकोणीस चोक शहात्तर. म्हणजे सहा वाजून गेले.

तिने हॉलच्या दुसऱ्या अंगाला बघितलं. बारा खिडक्या, बारा रांगा. लोक रांगेची लांबी बघत होते आणि इकडून तिकडे धावत होते. मावशीने रांग बघितलीच नाही. तिने हात बघितले.

तीन नंबरच्या माणसापुढे आत्ताच वाफाळणारी कॉफी आली होती. गरम कप म्हणजे पाच मिनिटं गेली. पाच नंबरवाला हसून बोलत होता, प्रत्येकाला गाव विचारत होता. चांगला माणूस, रांगेचा काळ. सात नंबरची बाई शिक्का मारून झाला की शिक्का खाली ठेवायची, पॅड बंद करायची, पुन्हा उघडायची. आणि नऊ! नऊ नंबरला केस घट्ट बांधलेली, कोरड्या चेहऱ्याची एक बाई. डाव्या अंगठ्याने पान उलटत होती आणि उजव्या हातातला शिक्का हातातून खाली जातच नव्हता. मान वर नाही, हसणं नाही, खोकणं नाही. पान, नजर, ठप्प. पान, नजर, ठप्प. तिची रांग सगळ्यात लांब होती, म्हणून शहाणी माणसं तिथून निघून दुसरीकडे जात होती. मावशीने पाच माणसं मोजली. एकाला पंचवीस सेकंद.

मावशी खुर्चीतून उठली.

"अगं बाई, उठली!" ओठ रंगवणाऱ्या बाईंचा हात गालावर गेला.

"मॅडम! मॅडम, मधे उतरता येत नाही! मला सही घ्यावी लागते!" मिशीवाले कागद नाचवत धावले.

"आणा, कुठे करू?" मावशीने चालता चालता सही केली. "आणि ती खुर्ची घेऊन मागे जा. काठीवाले एक आजोबा येतायत भिंतीला धरून. त्यांना बसवा. यादीत नाव नाही त्यांचं, पण पाय बघा त्यांचे, आणि मग यादी बघा."

ती नऊ नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे साठ माणसं. चार बावन्न. पंचवीस मिनिटं. जमतंय! जमतंय, जमतंय!

पुढे उभ्या असलेल्या टायवाल्या गृहस्थांनी मागे वळून तिच्यावर दया केली. "मावशी, ती तीन नंबरची रांग बघा. निम्मी आहे. तिकडे जा, मीही जातोय."

"तिकडे कॉफी आलीय."

"काय?"

"काही नाही. जा तुम्ही. एक माणूस कमी."

ते गेले. वीस मिनिटांनी मावशी पुढे सरकत सरकत बाराव्या नंबरवर आली, तेव्हा ते तिकडे आपल्या जागेवरून तीन पावलं हलले होते आणि तिच्याकडे डोळे फाडून बघत होते. पाच वाजून बारा. पान, नजर, ठप्प. अकरा.

"मॅडम, बाजूला या."

निळ्या कोटातले पर्यवेक्षक. उंच, दमलेले, हातात वायरलेस.

"साहेब, अकराच माणसं राहिलीयत."

"बाजूला या. डबाही आणा."

हॉलच्या कडेला एक उभं टेबल होतं. तिथे त्यांनी तिचा पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडदा बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा पडदा बघितला.

"तुम्ही खुर्चीतून आलात."

"आले."

"आणि उठून चालायला लागलात."

"लागले."

"तुम्हाला चालता येतं की नाही?"

"येतं. उत्तम येतं."

"मग खुर्ची का मागवली?"

"नवऱ्याने मागवली."

"नवरा कुठे आहे?"

"घरी. घाबरून बसलाय."

पर्यवेक्षकांचा चेहरा हलला नाही. "दीड वर्षात पाचव्यांदा आलात इथे. दर वेळी एक रात्र. दर वेळी हातात डबा. सामान नाही. फॉर्म एकही खाडाखोड नसलेला. हा कागद," त्यांनी तिचा तो एका पानाचा कागद उचलला, "मी विचारायच्या आधीच सगळी उत्तरं. मॅडम, पंचवीस वर्षं मी इथे आहे. साधा प्रवासी पेन विसरतो. इतकी तयारी फक्त चोर करतो."

मावशीला एकीकडे घाम फुटला आणि एकीकडे मनातून बरंही वाटलं. एवढं कौतुक पोस्टात कधी कुणी केलं नव्हतं.

"साहेब, या डब्यात एका माणसासाठी पेशी आहेत. त्याचं स्वतःचं रक्त आता बनत नाही. साडेसहाला हे त्याच्या इस्पितळात पोचलं पाहिजे. हे पत्र. हे दुसरं पत्र, तुमच्याच खात्याच्या नावाने."

"डबा उघडा."

"उघडणार नाही. वरचा आकडा बघा. चार. उघडला तर वाढेल. मला अटक करा हवं तर, पण आधी डबा गाडीत ठेवा आणि मग मला करा."

"पत्र कुणीही छापतं हो."

"मग इस्पितळाला फोन लावा."

त्यांनी लावला. पलीकडे संगीत वाजायला लागलं. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पाच सतरा. पुन्हा संगीत. पाच अठरा. पर्यवेक्षकांनी पत्र उलटं केलं, मागची कोरी बाजू बघितली. सुलटं केलं. खालची सही बघितली. पुन्हा उलटं केलं.

आणि मावशीच्या लक्षात आलं की ती हे ओळखते. हे पत्र उलटंसुलटं करणं! हा माणूस वाईट नव्हता, संशयीसुद्धा नव्हता फारसा. तो कागदावर एक जागा शोधत होता, जिथे त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाचं नाव असेल. एकतीस वर्षं तिने स्वतः हेच केलं होतं. नियमात न बसणारं पार्सल समोर यायचं. जिवंत मधमाश्यांची राणी, कुणाच्या आजीचे कृत्रिम दात, एकदा तर मापासाठी पाठवलेला नुसता एकच बूट. नाही म्हणायला जीभ उचलायची नाही, हो म्हणायला हात धजायचा नाही. तेव्हा तिच्या पोस्टमास्तरीणबाई मागून येऊन म्हणायच्या, "बघत काय बसलीस? पाठवणाऱ्याकडून लिहून घे. त्याचं नाव कागदावर आलं की तुझा हात मोकळा."

"साहेब, कोरा कागद द्या."

"कशाला?"

"द्या तर."

त्यांनी प्रिंटरमधून एक ओढून दिला. मावशीने स्वतःचं पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. तिचं अक्षर पावती फाडायच्या वेगाने येतं. मी, अमुक क्रमांकाच्या पासपोर्टची धारक, आज चालता येत असूनही व्हीलचेअरमध्ये बसले. ती चूक माझी. खुर्ची ढकलणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या हातातील डब्यात सोबतच्या दोन पत्रांत लिहिलेली वस्तू आहे, दुसरं काही नाही. डबा न उघडण्याची विनंती मी केली. तो उघडल्यास रोग्याच्या जिवाला धोका आहे, असं मी पर्यवेक्षकांना सांगितलं. यातलं काहीही खोटं ठरल्यास जबाबदारी सर्वस्वी माझी, पर्यवेक्षकांची नाही. खाली पत्ता, इस्पितळाचा पत्ता, गाडीचा नंबर, परतीचं विमान.

पर्यवेक्षक शेजारून वाकून वाचत होते. कधी वाकले ते त्यांनाही कळलं नाही.

"वेळ घाला."

"वर उजवीकडे घातलीय. पाच एकोणीस."

"शेवटचं वाक्य..."

"कुठलं?"

"'पर्यवेक्षकांची नाही.' त्याच्याखाली रेघ ओढा."

मावशीने रेघ ओढली. एक नाही, दोन. सही केली. त्यांनी कागद हातात घेतला, खालपासून वरपर्यंत वाचला, वरपासून खालपर्यंत वाचला. उलटा केला नाही. फोन ठेवून दिला. त्यांचे खांदे चांगले दोन इंच खाली आले.

"डब्यावर किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

"चार."

"चला, चला! उभ्या काय राहिलात?"

आणि तेच पुढे पळायला लागले. हातातला वायरलेस उंच धरून, "वाट द्या, वाट द्या" करत. मावशी मागे. डबा छातीशी.

"सहा नंबर मोकळी होतेय, इकडे या."

"सहा नको. नऊ."

"मॅडम, सहावर एकच माणूस आहे!"

"त्याच्या हातात चार पासपोर्ट आहेत साहेब, आणि लहानगं झोपलंय खांद्यावर. त्याला उठवून फोटोशी ताडून बघतील. नऊ."

पर्यवेक्षकांनी सहा नंबरकडे बघितलं. खांद्यावरचं लहानगं तेवढ्यात जागं झालं आणि त्याने भोकाड पसरलं. ते नऊकडे वळले. नऊ नंबरच्या रांगेतल्या पहिल्या माणसाला त्यांनी हात जोडले. तो माणूस बराच वेळ हा सगळा तमाशा बघत होता, म्हणाला, "जा मावशी, जा, पळा!" आणि मागचे चारपाच जणही उगीचच "पळा, पळा" म्हणायला लागले. कशासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं. तीन नंबरच्या रांगेतून टायवाल्या गृहस्थांनीही हात हलवला.

मावशीने पासपोर्ट ठेवला. कव्हर नाही, पान उघडं, चष्मा डोक्यावर. नऊ नंबरच्या बाईने मान वर केली नाही. तिने पान बघितलं, पर्यवेक्षकांनी पुढे सरकवलेला कागद बघितला, तो वाचत खाली, खाली, दोन रेघांपर्यंत गेली. एक क्षण डावा अंगठा थांबला.

ठप्प.

पाच चोवीस. अकरा मिनिटं हातात! मावशीला वाटलं इथेच गोल फिरून एक गिरकी घ्यावी.

आणि तेव्हा त्या बाईने मान वर केली. त्या दिवसात बहुधा पहिल्यांदाच. मागे खोळंबलेली सगळी रांग तिला आता दिसली असणार. तिने शिक्कासुद्धा खाली ठेवला.

"एक मिनिट. साहेब तुम्हाला सहावर नेत होते, मला ऐकू आलं," ती म्हणाली. "रांग तर माझीच सगळ्यात मोठी. सकाळपासून लोक माझी रांग सोडून दुसरीकडे जातायत, तेही ऐकू येतं मला. तुम्ही माझ्याकडेच का आलात?"

खिडकीतला माणूस विचार करायला लागला होता. मावशीने पासपोर्ट कमरेला खोचला. पिवळी रेघ ओलांडली. काचेपलीकडे संस्थेच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर टाचा उंचावून बघत होता.

"मॅडम? अहो, मी विचारतेय! माझ्याकडेच का?"

सरकतं दार उघडलं. मावशीने डबा दोन्ही हातांनी उचलून धरला आणि जवळजवळ पळतच ती बाहेर पडली.